खाडे सरांची हाळी

"सर, उद्या तुम्ही खरं बोलायचं," मी म्हणाले.

खाडे सरांच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. त्यांनी मुल्ला सरांकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना उद्या साडी नेसून मैदानावर यायला सांगितलं होतं.

मुल्ला सर बाकावर बसून केळं सोलत होते. "माझ्याकडं काय बघता? मी कायम खरंच बोलतो. माझी पोरं शंभर मीटर पळतात. तेवढ्यात खोटं बोलायला टाइम कुठाय?"

यजमान कॉलेजनं आम्हाला उतरायला अकरावीचे दोन वर्ग दिले होते. एकात आमच्या पोरी सतरंज्या पसरून गप्पा मारत पडल्या होत्या आणि दुसऱ्यात आम्ही तिघं मास्तर फळ्यावर उद्याच्या शर्यतीचा रस्ता काढून बसलो होतो. बाहेर अजून ऊन होतं. साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत येऊन ठाण मांडून बसला होता. उद्या सकाळी विद्यापीठाच्या क्रॉसकंट्रीची शर्यत, मुलींची सहा किलोमीटर. पहिल्या सहाजणी विद्यापीठाच्या संघात जाणार होत्या, आणि संघात गेलं की नाव आणि बोधचिन्ह विणलेला निळा ब्लेझर मिळायचा.

मी त्या कॉलेजात रुजू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. रत्नागिरीची मुलगी, हातात कोचिंगचा डिप्लोमा, आणि नेमणूक माणदेशात. तिथं पाणी कमी आणि पळणारी माणसं जास्त. खाडे सर आमचे मुख्य. लांब पल्ल्याची सगळी पोरंपोरी त्यांच्याकडे. टेकडी दिसली की त्यांचे डोळे चमकायचे; सपाट मैदान म्हणजे त्यांच्या मते शाळेच्या कवायतीची जागा. मुल्ला सरांकडे धावपट्टी. चारशे मीटरच्या पुढचं सगळं त्यांच्या लेखी पायी प्रवासात जमा होतं. मी दोघांची मदतनीस, आणि दोघांच्या मते जरा जास्तच शिकलेली.

आता हाळीचं सांगते. धावपट्टीवर पळणाऱ्याला सगळं दिसतं. कोण पुढं, कोण मागं, किती उरलं. क्रॉसकंट्रीत तसं नाही. एकदा का पोरगी उसाच्या वाटेत शिरली, की पुढचं वळण सोडून तिला काही दिसत नाही. मग तिचे डोळे म्हणजे तिचे कोच. तीन ठिकाणी तिघांनी उभं राहायचं आणि ती समोर आली की ओरडून सांगायचं, पुढची किती लांब आहे. आमच्या कॉलेजात याला हाळी म्हणत.

आणि खाडे सरांची हाळी म्हणजे थापांचा कारखाना होता. पुढची मुलगी तीस मीटरवर असली की सर ओरडणार, "शंभर! शंभर मीटर गेली ती! झोपलीस काय गं?" पन्नास असली की दीडशे. त्यांचं म्हणणं, पोरगी घाबरल्याशिवाय पळत नाही. सरावातसुद्धा तेच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सरांच्या डोळ्यांना काहीतरी झालंय. मी त्यांना डॉक्टरचं नाव सुचवलं होतं. मुल्ला सर त्यावर आठवडाभर हसत होते.

"माझं ऐका," मी म्हणाले. "जयमाला पहिल्या वर्षी का हरली? ती मला स्वतः म्हणाली. शेवटच्या वळणावर तुम्ही 'साठ' म्हणालात आणि तिनं आशाच सोडली. आणि शेवटी किती कमी पडलं? चार हात."

 सर खडूनं फळ्यावरचा कालवा उगाच जाड करत राहिले.

जयमाला घुटुकडे आमची सगळ्यात चांगली पोरगी. तिसऱ्या वर्षाला होती, म्हणजे ही शेवटची संधी. आधीच्या दोन्ही वर्षी ती सातवी आली होती. एकदा आली तर माणूस हळहळतो; दोनदा आली की चेष्टा करतो. हॉस्टेलात तिला 'सातवी' म्हणूनच हाक मारत. कुणी विचारलं, अगं पण तू तर टी. वाय.ला ना, की बाकीच्या खिदळत. तीही हसायची. पण पहिल्या वर्षी शर्यतीआधीच तिनं बाजारातून कोट अडकवायचा एक लाकडी हँगर आणला होता, आणि तो तिच्या खाटेवरच्या खिळ्याला तसाच रिकामा लटकत होता. एकदा मी तो पाहिला तेव्हा ती लाजून म्हणाली, "मॅडम, मला त्यो कोट पायजेच. आमच्या वाडीत समदी इचारत्यात, इतकी वर्सं मेंढरागत पळतीस, गावलं काय? आता त्यास्नी पळणं कसं दावू? कोट दावता येतोय."

तेव्हापासून तो कोट मलाही हवा होता. अगदी जीव तुटेपर्यंत हवा होता.

"बरं, आणि मी खरं सांगितलं आणि पोरगी खाली बसली तर?" सरांनी विचारलं.

"खरं ऐकून कुणी खाली बसत नाही, सर."

"तुमचं लग्न व्हायचंय अजून, म्हणून असं वाटतंय."

मुल्ला सरांना केळ्याचा ठसका लागला.

पण मी हटले नाही. कोकणातली माणसं फणसासारखी असतात असं लोक म्हणतात. मी त्यातला वरचा भाग होते. शेवटी सरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "चला. शिट्टीची शपथ. उद्या शेवटच्या वळणावर जे असंल ते सांगतो. एक मीटर इकडं न्हाई, एक मीटर तिकडं न्हाई. पण पोरींना यातलं काही बोलू नका. आयत्या वेळी डोक्यात कालवाकालव नको."

मला ते पटलं. मी खुशीत मान डोलावली.

सकाळी धुकं होतं. मुल्ला सर सुटण्याच्या जागी पोरींचे स्वेटर आणि सपाता सांभाळत उभे राहिले. ते काम ते तोंड पाडून पण फार काळजीनं करत. मी मध्यावर, एका विहिरीच्या इंजिनघरापाशी. सर पार पुढं, जिथं वाट शेवटच्या उसात शिरत होती. त्याच्यापुढं ऊस संपला की मैदान आणि शर्यत संपायची दोरी.

पहिली पाचजणींची टोळी माझ्यासमोरून गेली. त्यांच्याकडे पाहूनच कळत होतं की त्यांना आता कुणी गाठत नाही. मग सहावी आली, पिवळा बनियन घातलेली, शहरातल्या कॉलेजची. उंच, लांब पायांची. आणि तिच्यामागून आमची जयमाला. सातवी.

मी मनाशी अंतर धरलं आणि ओरडले, "जया! पिवळी तीस मीटर! तीसच!"

तिनं माझ्याकडे न बघता मान हलवली. तिचा श्वास नीट चालला होता, खांदे सैल होते. मला फार बरं वाटलं. मी कालव्याच्या भरावावर चढले आणि मधल्या वाटेनं मैदानाकडे पळत सुटले. भरावावरून एका जागी उसाच्या दोन फडांमधली मोकळी पट्टी दिसते. तिथं मी थांबले. पिवळी पट्टी ओलांडून गेली. मी वाट बघत राहिले. जयमाला काही येईना. शेवटी आली. अंतर वाढलं होतं. तिसाचं पन्नास झालं होतं, आणि पिवळी मजेत चालली होती.

पुढच्या वळणावर खाडे सर उभे होते. ऊस आड असल्यानं ते मला दिसत नव्हते, पण त्यांचा आवाज कारखान्याच्या भोंग्याशी स्पर्धा करणारा.

त्या क्षणी मला मनापासून वाटलं, या माणसानं आता खोटं बोलावं. पंधरा म्हणावं, दहा म्हणावं, हात लांब केलास तर लागेल म्हणावं. काल मीच त्यांच्या गळ्यात खऱ्याची घंटा बांधली होती आणि आता ती काढायला मी तिथं नव्हते.

"पन्नास!" सरांचा आवाज आला. "जया, पन्नास मीटर! पन्नास!"

एक मीटर इकडं नाही, एक मीटर तिकडं नाही. मी डोक्याला हात लावला आणि पळत मैदानावर आले.

मुल्ला सर आता दोरीपाशी टॉवेल घेऊन उभे होते.  पहिल्या पाचजणी आल्या, टाळ्या झाल्या. मग उसातून पिवळी बाहेर पडली. मैदानाला अर्धा वळसा घालून दोरी. मी उसाच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच बघत राहिले.

तेवढ्यात जयमाला बाहेर आली. मी चुकून दुसऱ्याच कुणाला तरी बघतेय असं वाटलं. अशी पळताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. अंगातलं होतं नव्हतं ते सगळं उसातच खर्च करून ती आली होती, आणि पिवळी आता तिच्या नजरेच्या टप्प्यात होती. पिवळीनं मागं पाहिलं. मुल्ला सर नेहमी म्हणत, मागं बघणारा अर्धा हरतो. त्यांनी टॉवेल माझ्या अंगावर फेकला.

"मॅडम, सरका! आता हा माझा विषय!"

आणि ते मैदानाच्या कडेनं तिच्याबरोबर पळायला लागले. "गुडघं वर! हात मार, हात! दात कशाला खातीस, तोंड सैल सोड!" स्वेटरांची पिशवी अजून त्यांच्या खांद्यावर होती आणि पळताना त्यातून सपाता गळत होत्या. जयमालानं पिवळीला गाठलं, क्षणभर दोघी एका रेषेत आल्या, आणि मग आमच्या पोरीनं छाती पुढं टाकली. पंचांनी तिच्या हातात सहाच्या आकड्याचं कार्ड दिलं.

मी तिथंच मटकन खाली बसले आणि रडले. मुल्ला सर डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. दव पडून मैदान ओलंचिंब होतं. धूळ कुठून आली ते विचारायला मला सुचलं नाही.

थोड्या वेळानं खाडे सर उसातून बाहेर आले. पानं घासून हातावर ओरखडे उठलेले, आवाज पार बसलेला. कुणी भेटेल त्याला धरून ते सांगत सुटले, "पन्नास म्हणालो! खरं बोललो! आमच्या साळवी मॅडमचा नियम. खऱ्यात दम असतो, महाराज!" दुसऱ्या कॉलेजांचे कोच त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते. ते ऐकून घेत आणि माझ्याकडे दयेनं बघत.

मी मात्र हवेत होते. माझा डिप्लोमा जिंकला होता. पाण्याच्या टँकरपाशी जयमाला तोंड धूत होती, तिच्या पाठीवरून हात फिरवत मी म्हणाले, "बघितलंस? सरांनी आज खरं सांगितलं म्हणून तुला बळ आलं."

तिनं ओंजळीतलं पाणी सांडू दिलं. "खरं? सरांनी?"

"हो. पन्नास."

"पन्नास म्हणाले की. म्हणूनच तर सुटले." ती हसली. "पन्नास म्हंजी पंधरा-सोळा."

"म्हणजे?"

"आवं मॅडम, सरांचं तिनानं भागायचं असतंय. हॉस्टेलला नवी पोरगी आली की आमी आदी त्येच शिकवतो. पैल्या वर्साला मला कुणी सांगितलं न्हवतं, म्हणून घात झाला. तुमी तीस म्हणाला. तुमचं भागायचं नसतंय. मग सर पन्नास म्हणाले. म्हटलं, तिसावरनं पंधरावर आले की! हुतंय कमी! ह्या वळणामागंच असंल पिवळी. मग काय, काय ठिवलंच न्हाय मागं. वळाण गेलं, दिसंना. म्हटलं फुडच्या वळणाला. तितंबी दिसंना. भाईर येस्तवर गाठत आलीच मी."

 "जया, खरंच पन्नास होतं गं. मी स्वतः भरावावरून बघितलं. अंतर वाढलं होतं."

ती टँकरच्या चाकाला टेकली. जिंकून झाल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला.

"पन्नास?" ती हळूच म्हणाली. "मग मी कशापायी पळाले असते? मी तितंच चालाय लागले असते." आणि मग घाईघाईनं, माझा हात धरून, "सरांस्नी सांगू नगा, मॅडम. त्यास्नी वाटतंय आमी त्यांच्या हाळीला भितो. त्यास्नी कळलं की आमी समदी भागतो, तर बिचारं मनाला लावून घेतील."

मी शब्द दिला.

दुपारी निकाल वाचून दाखवला. नावं पुकारली, पोरींनी 'सातवी'ला खांद्यावर घेतलं, आणि कुणीतरी तिथल्या तिथं तिचं नवं नाव ठेवलं, 'सहावी'. गाडीला वेळ होता. मुल्ला सर हरवलेल्या सपाता शोधायला गेले होते. खाडे सर आणि मी कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेत बसलो.

"काय मॅडम," बसलेल्या आवाजात सर म्हणाले, "खऱ्यानंच काम झालं म्हणायचं ना?"

मी चहाच्या कपात बघितलं. "हो सर. खऱ्यानंच झालं."

 मी मान वर केली तर ते माझ्या कानांकडे बघत होते.

"कान लाल होतात तुमचे," ते म्हणाले. "पहिल्यांदाच बोललात वाटतं खोटं. सांगितलं काय जयमालानं? तिनानं भागतात ते?"

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत आहे?"

"आवं, सतरा-अठरा वर्षं पोरं पळवतोय मी. माझ्या पाठीमागं काय चालतं ते मला ठाऊक नसंल? ती तिनानं भागतात, म्हणून मी तिप्पट सांगतो. उत्तर बरोबर येतं. नव्या पोरीला जुन्यांनी शिकवायला उशीर केला की तेवढी एक शर्यत जाते. जयमालाच्या त्या पैल्या वर्षाचं अजून लागतंय मला." त्यांनी चहा संपवला. "एरवी माझ्या पोरींना कायम खरंच कळतं, मॅडम. तुमच्यापेक्षा जरा लांबच्या वाटेनं."

"मग आज?"

"आज तुम्ही शपथ घातली. शिट्टीची. आता मी काय करणार? खरं सांगावं लागलं." त्यांनी भोळा चेहरा केला. "पन्नास होतं. पोरगी मोडायला आली होती. तिला नुसतं पन्नास कळलं असतं तर तिथंच बसली असती. पण मी पडलो शब्दाला जागणारा माणूस."

 मग मला काल संध्याकाळचं आठवलं. पोरींना सांगू नका, असं कोण म्हणालं होतं?

"सर, तुम्ही हे कालच ठरवलं होतं?"

"छे. मला कुठलं एवढं डोकं?" ते म्हणाले. हे खरं होतं की खोटं, आणि खोटं असलं तर कितीनं भागायचं, ते मला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढं त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढूनही कळलं नाही.

गाडी आली. मुल्ला सर एकच सपात उंच धरून लांबून ओरडत येत होते. खाडे सर उठले, पँट झटकली आणि जाता जाता थांबले.

"एक सांगू, मॅडम? माझी ती हाळी संपली आता. आज हॉस्टेलला पोचेपर्यंत सगळ्या पोरींना कळंल की म्हातारा कधी कधी खरंबी बोलतो. माझा भागाकार चुकला. पण तुमचं कुणी भागत न्हाई. तुम्ही तीस म्हणालात की पोरी तीसच धरतात. म्हणजे तुम्हाला एक खोटी हाळी मिळाली आहे. एकच. आयुष्यात एकदा वापरता येईल, पुन्हा न्हाई. फार गरज पडंल त्या पोरीसाठी जपून ठेवा."

आता शेवटच्या वळणावर मी उभी राहते. आजवर कितीतरी पोरी माझ्यासमोरून उसात शिरल्या, काही कोट घेऊन आल्या, काही तशाच. ती हाळी मी अजून वापरलेली नाही. निदान माझ्या पोरींना मी तसं सांगते.